मदत हवी आहे : काचेवर बर्फ गोठलाय, गाडी सुरू होऊन बंद पडते, उद्या निघायचंय

सायली_बोरिवली | रात्री ९:१०
नमस्कार. तातडीचं आहे म्हणून थोडक्यात लिहिते. गाडीच्या पुढच्या काचेवर बर्फाचा थर बसलाय, वायपर काचेला चिकटलेत, पाण्याचा फवारा उडत नाही. संध्याकाळी गाडी सुरू केली तर लगेच झाली, पण दोनेक मिनिटांत बंद पडली. परत केली, परत तेच. उद्या सकाळी सातला निघायचंच आहे. बर्फ पटकन कसा काढायचा आणि गाडी बंद का पडते? कृपया "गॅरेजला दाखवा" असं लिहू नका, जवळपास गॅरेज नाही.

स्पॅनर_कुर्ला | रात्री ९:१६
पेट्रोल की डिझेल? कुठल्या सालची? कुठे आहात? गाडी उघड्यावर आहे का? डिझेल असेल तर शेवटचं कुठे भरलं? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

केदार_कोपरखैरणे | रात्री ९:१९
हीटर फुल्लवर ठेवा आणि हवा काचेकडे वळवा. पंधरा मिनिटांत बर्फ आपोआप सुटतो.

सायली_बोरिवली | रात्री ९:२३
@केदार, गाडी दोन मिनिटं चालतेय, हीटर पंधरा मिनिटं कसा लावणार?
@स्पॅनर, डिझेल, २०१७ची. उघड्यावर आहे. ठिकाण सिस्सू, हिमाचलात मनालीच्या पुढे, अटल बोगद्याच्या पलीकडे.

चेंबूरचे_काका | रात्री ९:३१
मिठाचं पाणी करून काचेवर मारा. बर्फ लगेच विरघळतो, शाळेत शिकलोय आपण. कापलेला बटाटा काचेवर घासला तर रात्रभर बर्फ धरत नाही असंही वाचलंय.

स्पॅनर_कुर्ला | रात्री ९:३६
काका, मिठाने बर्फ वितळतो हे खरं, पण ते पाणी ओघळून बोनेटच्या फटीत, वायपरच्या सांध्यांत आणि बिजागऱ्यांत जातं आणि तिथून पत्रा खातं. आपल्याकडे दर्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे दरवाजे खालून कसे सडतात ते बघतोच ना आपण? मीठ नको. बटाट्याचं मी तरी कुठे पाहिलं नाही.

सायली, टाकी कुठे फुल्ल केली ते राहिलं. आणि इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटमध्ये शेवटचं काय घातलं?

सायली_बोरिवली | रात्री ९:४४
ते बाबांना विचारून सांगते. मी इथे बोरिवलीत आहे, गाडी आई-बाबांजवळ आहे. बाबा मुंबईहून स्वतः चालवत गेलेत. होमस्टेच्या स्वयंपाकघरातच तेवढी रेंज येते, त्यामुळे फोन मध्येच तुटतो. बाबांना एका वेळी दोनपेक्षा जास्त गोष्टी सांगितल्या की ते ऐकत नाहीत, म्हणून नेमकं सांगा. निघायची घाई एवढ्यासाठी की चंदीगडहून आईचं विमान आहे आणि परवा दुपारपासून बर्फाचा अंदाज आहे. घरमालक म्हणतात रात्री उणे दहाच्या आसपास जातं. बाबा आत्ता गीझरचं गरम पाणी बादलीने काचेवर ओतणार आहेत.

स्पॅनर_कुर्ला | रात्री ९:४५
आधी फोन करा आणि बादली थांबवा. बाकी सगळं नंतर.

दादर_ते_दारचा | रात्री ९:५२
मी दरवर्षी त्या भागात ग्रुप नेतो. तिथले टॅक्सीवाले सकाळी सर्रास पाणी ओततात, काही होत नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

स्पॅनर_कुर्ला | रात्री ९:५८
टॅक्सीवाले कोमट ओततात आणि लगेच वायपर मारून गाडी पळवतात. इथे गाडी चालतच नाहीये. उकळत्या पाण्याने काचेचा बाहेरचा थर एकदम फुगतो, आतला थंडच राहतो. काच धडधाकट असेल तर वाचेलही, पण मुंबईहून एवढा हायवे करून गेलेल्या गाडीच्या काचेवर खडीचा एखादा टवका असतोच. तो टवका तडा होऊन आडवा धावतो. आणि रात्री ओतलेलं पाणी वायपरखाली आणि दाराच्या रबरात पुन्हा गोठतं, सकाळी दारंही उघडत नाहीत.

सायली_बोरिवली | रात्री १०:०७
बादली थांबली. तुम्ही म्हणालात तसं विचारलं, काचेवर डावीकडे खाली टवका आहे. राजस्थानात ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला होता. टाकी पंजाबात, डोंगर लागायच्या आधी फुल्ल केली. कूलंट निघायच्या आधी इथल्या गॅरेजवाल्याने "टॉप-अप केलं" असं सांगितलं होतं.

स्पॅनर_कुर्ला | रात्री १०:२१
आता चित्र स्पष्ट झालं. सायली, बाबांना हे वाचून दाखवा, हवं तर तुकड्यांत.

गाडी बंद पडते ती डिझेलमुळे. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत आपल्या घरातलं खोबरेल तेल जसं पांढरं होऊन बाटलीत थिजतं, तसंच हे. मैदानात भरलेलं डिझेल उणे दहात गढूळ होतं आणि त्या मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसतात. नळ्यांत असेल तेवढ्या डिझेलवर गाडी सुरू होते, पुढचं डिझेल फिल्टरमधून येत नाही, इंजिन उपाशी राहून बंद पडतं. इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी, ते उणे ३३पर्यंत वाहतं.

आज रात्री काहीच करायचं नाही. सेल्फ मारत राहिले तर बॅटरी बसेल, थंडीत ती आधीच अर्धमेली असते. कूलंटची बाटली बोनेट उघडून बाहेरूनच टॉर्चने बघायला सांगा. आत काय दिसतं, रंग कसा आहे, बर्फासारखं काही तरंगतंय का, एवढंच.

उद्या सकाळी ऊन गाडीवर आल्यावर फिल्टर शेकायचा. बोनेटखाली डिझेलच्या जाड नळ्या जोडलेला डबा असतो, तो फिल्टर. गरम पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून त्याला गुंडाळायचं, गार झालं की बदलायचं. वायरच्या जोडावर पाणी जाऊ द्यायचं नाही. खाली शेकोटी पेटवायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. ट्रकवाले पेटवतात आणि ट्रक जळतातही.

केदार_कोपरखैरणे | रात्री १०:२८
एवढं कशाला? टाकीत थोडं रॉकेल टाकायचं. माझे मामा ट्रक चालवायचे, हिवाळ्यात काश्मीरला जाताना हेच करायचे.

सायली_बोरिवली | रात्री १०:३०
घरमालकही तेच म्हणतायत. त्यांच्याकडे रॉकेल आहे. घालायचं का?

स्पॅनर_कुर्ला | रात्री १०:३७
नाही. मामांच्या ट्रकचा पंप जुन्या पद्धतीचा, इंजिन ऑइलच्या वंगणावर फिरणारा, तो सगळं पचवायचा. २०१७च्या गाडीचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर फिरतो. रॉकेल कोरडं असतं. पंप घासला की त्याचा चुरा इंजेक्टरमध्ये जातो आणि मग खर्च लाखाच्या घरात. शिवाय फिल्टरमध्ये एकदा बसलेलं मेण टाकीत रॉकेल ओतून विरघळत नाही. डिझेल थिजू नये म्हणून बाजारात मिळणारं अँटी-जेलसुद्धा थिजायच्या आधी घालायचं असतं.

केदार_कोपरखैरणे | रात्री १०:४१
थोडंसं टाकल्याने पंप जात नाही. सगळे मेकॅनिक असंच घाबरवतात.

स्पॅनर_कुर्ला | रात्री १०:४४
केदार, तुझी गाडी असती तर वाद घातला असता. इथे एक वयस्कर जोडपं घाटापलीकडे आहे आणि पंप बसला तर त्यांची गाडी टो करूनच काढावी लागेल.

उत्तरेचा_वारा | रात्री १०:५०
मी मॉन्ट्रियलला असतो. मूळ प्रश्न टायरचा आहे असं माझं मत. क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लावावे लागतात. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं आणि रस्ता धरत नाही. भारतातून बर्फात जाणाऱ्यांनी विंटर टायरचा वेगळा सेट घ्यावा. इंजिन उबदार ठेवणारा ब्लॉक हीटर बसवला तर सकाळची अडचणही राहत नाही.

सायली_बोरिवली | रात्री १०:५५
सर, तुमचं बरोबर असेल, पण आज रात्री सिस्सूत विंटर टायर कुठून आणू? मला उद्या सकाळचं सांगा.

कूलंटचं: रंग जेमतेम हिरवट, जवळजवळ पाण्यासारखा, आणि बाटलीत वर बर्फाचे पापुद्रे दिसतायत. हे वाईट आहे का?

स्पॅनर_कुर्ला | रात्री ११:०३
चांगलं नाही. टॉप-अपच्या नावाखाली पाणीच भरलंय. मुंबईत हे कळतच नाही, कारण इथे पाणी गोठण्याचा प्रश्न येत नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७पर्यंत टिकतं. नुसतं पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, त्याने रेडिएटर फुटतो, वेळ आली तर इंजिनचा ब्लॉकही तडकतो.

पापुद्रे आहेत म्हणजे पूर्ण दगड झालेलं नाही. पण आज रात्री इंजिनवर पांघरूण हवंच. बोनेटवर जाड गोधडी किंवा घोंगडी, वरून ताडपत्री, आणि रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा. गाडी भिंतीच्या आडोशाला ढकलता आली तर ढकलायची. सकाळी बाटलीतले पापुद्रे पूर्ण वितळल्याशिवाय आणि रेडिएटरची रबरी नळी हाताने दाबून मऊ लागल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. गोठलेल्या पाण्यावर कूलंटचा पंप फिरवला तर त्याचं पातं तुटतं.

पार्ल्याचे_मास्तर | रात्री ११:१५
आडोशाचं कारण सांगतो, म्हणजे बाबांना पटेल. आभाळ मोकळं असलं की काच आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात, तेव्हा तिथल्या हवेचं तापमान बऱ्याचदा शून्याच्या वर असतं. गोठतं ते गवताच्या पात्यावर आणि गाड्यांच्या टपांवर, कारण त्यांना आभाळ दिसत असतं. म्हणून काच आणि आभाळ यांच्यामध्ये काहीही आलं, तरी फरक पडतो. सकाळी काच साफ झाली की पुढच्या मुक्कामी तिच्यावर कोरडा पुठ्ठा किंवा कोरडी चादर टाकून ठेवा. ओली नको, ती काचेलाच गोठून बसेल.

माधवी_वाई | रात्री ११:२२
अवांतर, पण वेण्णा तलावाचं नाव निघालं म्हणून लिहिते. या वर्षी दवबिंदू गोठलेत का? आम्ही पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन जाणार आहोत. पहाटे किती वाजता पोचावं?

पार्ल्याचे_मास्तर | रात्री ११:२६
ऊन पडायच्या आत पोचा. वारा नसलेली, निरभ्र रात्र असली तरच दिसतात.

सायली_बोरिवली | रात्री ११:४०
मोठी अडचण. आईला खोलीत थंडी सहन होत नाही, म्हणून ती गाडीत जाऊन बसलीय. बाबा मधूनमधून गाडी सुरू करून हीटर लावायचा प्रयत्न करतायत. हे चालेल ना?

दादर_ते_दारचा | रात्री ११:४३
सायली, आईंना ताबडतोब आत न्या. यात मी आणि स्पॅनर दोघंही एकमत असू. गाडीच्या मागे बर्फ साचून धुराची नळी बुजली तर धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस पेंगतो आणि तसाच जातो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २०हून जास्त माणसं गेली, त्यात बंद गाडीत हीटर लावून बसलेलेही होते. खोलीत कोळशाची शेगडी दिली असेल तर झोपताना ती बाहेर. तंदूर, म्हणजे तिकडची खोली तापवायची बंद शेगडी, तिची चिमणी बाहेर काढलेली असेल तर चालतो. आईंना घरमालकांच्या स्वयंपाकघरात झोपायला जागा मागा, ती माणसं नाही म्हणणार नाहीत.

सायली_बोरिवली | रात्री १२:०५
आई आत आली. स्वयंपाकघरातच अंथरूण घातलंय, तंदूरला चिमणी आहे. बाबा आधी रागावले, मग मरीचं सांगितल्यावर गप्प झाले. गोधडी बोनेटवर टाकली. खूप खूप आभार दोघांचे.

स्पॅनर_कुर्ला | रात्री १२:१०
आता झोपा. सकाळी किल्ली फिरवायच्या आधी वायपरचा दांडा बंद आहे ना ते बघायला सांगा. चिकटलेल्या वायपरला करंट गेला तर फ्यूज उडतो किंवा वायपरची लिंक निसटते. किल्ली ऑनवर आणायची, कॉइलचा (इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा) पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, किल्ली बंद करायची, असं दोन-तीनदा करून मगच सेल्फ. मुंबईत तो दिवा लागल्या-लागल्या विझतो म्हणून आपल्याला थांबायची सवय नसते.

केदार_कोपरखैरणे | सकाळी ६:५०
निघाले का? लवकर निघालेलं बरं, नऊनंतर बोगद्याकडे ट्रॅफिक होतं.

दादर_ते_दारचा | सकाळी ७:०२
केदार, चुकीचा सल्ला. रात्री वितळून गोठलेला पातळ बर्फ पहाटे रस्त्यावर काचेसारखा पसरलेला असतो, ओला डांबरी रस्ता आहे असंच वाटतं. बोगद्याच्या सिस्सू बाजूला चंद्रा नदीवर पूल आहे. पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून तो सगळ्यांत आधी गोठतो. आणि बोगद्याच्या मनाली बाजूला धुंदीपासून सोलांगपर्यंत उतार आहे, बराचसा सावलीत. डिसेंबर २०२४मध्ये तिथेच शेकडो गाड्या अडकल्या होत्या, काही तर ब्रेक लावूनही घसरत गेल्या. सायली, अकराच्या आधी निघू देऊ नका. निघायच्या आधी पोलिसांना विचारा, ताजा बर्फ पडला तर फोर बाय फोर नसलेल्या गाड्या ते अडवतातच.

सायली_बोरिवली | सकाळी ९:३५
ऊन आलं. बाटलीतले पापुद्रे वितळलेत, नळी मऊ आहे. काचेचं काय करू? बाबांच्या हातात स्वयंपाकघरातलं उलथनं आहे.

स्पॅनर_कुर्ला | सकाळी ९:३८
उलथनं ठेवून द्या, काचेवर कायमचे ओरखडे पडतील. जुनं एटीएम कार्ड घ्या. हात धुवायचा सॅनिटायझर आहे का? पातळ, फवाऱ्याचा. त्यात अल्कोहोल असतं, ते या थंडीत गोठत नाही. काचेवर मारा, मिनिटभर थांबा, वरून खाली कार्डाने खरवडा. वायपरच्या रबरावरही मारा आणि हाताने अलगद उचला, ओढू नका. जवळ कोणी विडी पेटवू नये.

सायली_बोरिवली | सकाळी १०:१०
काच साफ झाली! थर पापडासारखा तुटून निघाला म्हणतात. फिल्टर शेकायला आईने तिची गुडघे शेकायची रबरी पिशवी दिली, फडक्यापेक्षा ती बरी टिकते. गाडी सुरू झाली आणि बंद पडली नाही. पण आता पुढे जात नाहीये. मागचं डावं चाक फिरतच नाही, नुसतं घासत येतंय.

स्पॅनर_कुर्ला | सकाळी १०:१३
हँडब्रेक ओढून ठेवला होता का?

सायली_बोरिवली | सकाळी १०:१६
हो. आमच्या बिल्डिंगच्या उतारावर लावतात तसा, अगदी घट्ट.

स्पॅनर_कुर्ला | सकाळी १०:२१
ब्रेकचा लायनर चाकाच्या ड्रमला गोठून बसलाय. गाडी जोरात ओढू नका, लायनर सोलून निघेल. हँडब्रेक पूर्ण खाली, मग ड्रमवर गरम पिशवी ठेवा, रिंगच्या फटीतून जिथे पोचेल तिथे. हातोडीच्या लाकडी दांड्याने ड्रमवर चारी बाजूंनी ठोका. मग रिव्हर्समध्ये थोडं, पुढे थोडं. कट्ट असा आवाज आला की सुटलं. इथून पुढे जिथे गोठतं तिथे हँडब्रेक नाही: गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकाला दगड.

तोवर इंजिन चालू राहू द्या. पंपातून परत जाणारं कोमट डिझेल टाकीतलं डिझेलही हळूहळू उबदार करतं. पण धुराच्या नळीमागचा बर्फ आधी फावड्याने काढा.

सायली_बोरिवली | सकाळी १०:५०
सुटलं. पोलीस म्हणाले रस्ता चालू आहे, सावकाश जा. अकराला निघतायत. उतारावर कसं चालवायचं ते दोन वाक्यांत सांगा, बाबा ऐकतायत.

दादर_ते_दारचा | सकाळी १०:५३
दुसरा गिअर, अवघड वळणांवर आणि तीव्र उतारावर पहिला, आणि पाय ब्रेकवर नाही, इंजिनच गाडी धरेल. पुढच्या गाडीपासून दहा गाड्यांचं अंतर, आणि घसरली तर स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे, क्लच दाबायचा नाही.

उत्तरेचा_वारा | सकाळी ११:०५
क्लचबद्दल असहमत. मॅन्युअल गाडी पुढून ओढणारी असेल आणि इंजिन ब्रेकिंगमुळेच चाक अडकून घसरत असेल, तर क्लच दाबल्याने चाक मोकळं होतं.

दादर_ते_दारचा | सकाळी ११:०९
तुमचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण बर्फात पहिल्यांदा चालवणाऱ्याला उतारावर क्लच दाबायला सांगितला तर तो दाबूनच ठेवतो, आणि गाडी सुटते.

सायली_बोरिवली | दुपारी २:४०
मनालीत पोचले. बोगद्यानंतरच्या उतारावर एका वळणावर गाडी थोडी घसरली म्हणे, पण बाबांनी ब्रेक दाबला नाही. गॅरेज सापडलंय. मेकॅनिक म्हणतो कूलंट पूर्ण काढून नवीन भरू. करून घ्यावं का, की चंदीगडला करावं? तिथे तर थंडी एवढी नसते.

स्पॅनर_कुर्ला | दुपारी २:४८
मनालीतच करा, आज रात्र तिथेच काढायची आहे ना. तयार मिश्रण मिळालं तर तेच. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू देऊ नका, ते उणे तेराच्या आसपासच गोठतं. भरताना हीटर फुल्ल गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, म्हणजे आतली हवा निघते. वॉशरच्या टाकीतलं पाणीही उपसून न गोठणारं द्रव्य घाला. डिझेल फिल्टर बदला, जुना बाबांनी सोबत ठेवावा. टायरची हवाही बघा, थंडीत ती उतरते.

सायली_बोरिवली | दुपारी ३:०२
सांगितलं. आईने तुम्हाला बोरिवलीला जेवायला बोलावलंय, हे तिने तीनदा सांगायला लावलं.

निखिल_ऐरोली | दुपारी ३:३०
छान धागा. माझी इलेक्ट्रिक गाडी आहे, फेब्रुवारीत स्पितीला जायचंय. तिला यातलं काय लागू होतं?

स्पॅनर_कुर्ला | दुपारी ३:४१
काच, वायपर, हँडब्रेक, उतार, सगळं लागू. डिझेलचं नाही. थंडीत एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर बरंच कमी होतं, आणि वाटेत चार्जिंग कुठे मिळेल ते आधी पक्कं करावं लागेल. नवीन धागा काढा, आणि गाडी कुठली, कुठून निघणार, रात्री मुक्काम कुठे, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.